करमतंय का?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला एका पोराचा मेसेज आला. मूळचा इचलकरंजीचा. जर्मनीत मी जिथून मास्टर्स केलं त्याच विद्यापीठात सध्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. माझा नंबर त्याला मराठी पोरांच्या ग्रुपवरून मिळाला होता. आधी "जेवला का दादा" झालं, मग "तुमच्याकडे थंडी सुरू झाली का" झालं, मग बराच वेळ नुसतं "टायपिंग" दिसत राहिलं. शेवटी एकच ओळ आली: "दादा, युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलिंगला गेलं तर व्हिसावर येतं का?"

मी अंथरुणात उठून बसलो. हाच प्रश्न मी नोव्हेंबर २०१९ मध्ये विचारला होता. तेव्हा कुणा माणसाला विचारायची छाती झाली नव्हती, म्हणून फोनवर इनकॉग्निटो विंडो उघडून विचारला होता.

त्याला लगेच फोन लावला. तास-सव्वा तास बोललो, तरी बरंच राहून गेलं. ते इथे लिहितोय. असे मेसेज आता मला दर हिवाळ्यात येतात आणि जवळजवळ दर वेळी उशिरा येतात.

मी कराडचा. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये मी जर्मनीला आलो. इथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नसते, म्हणून आमच्यासारख्या घरातली पोरं अमेरिकेचं नाव सोडून इकडे वळतात. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणारे भारतीय विद्यार्थी ४९ हजारांच्या वर होते, परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त. पण फी नसली तरी व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटला आधी भरावे लागतात. माझ्या वेळी ते ८,६४० युरो होते, म्हणजे साधारण सात लाख रुपये. २०२४ मध्ये ते ११,९०४ झाले. माझ्या रकमेतले ७२० युरो दर महिन्याला सुटायचे. त्या सात लाखांत काही आण्णांच्या फंडाचे होते, बाकी बँकेचं कर्ज, आणि जामीनदार म्हणून मामाची सही. मामाची सही घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो तो दिवस मला तपशिलासकट आठवतो. मामीनं पोहे केले होते आणि आण्णा पोहे न खाता नुसती प्लेट हातात धरून बसले होते.

ज्या शहरात शिकलो त्याचं नाव लिहीत नाही. पूर्व जर्मनीतलं, एल्बे नदीच्या काठचं मध्यम आकाराचं शहर आहे. ज्या बाईंबद्दल पुढे लिहिणार आहे त्या अजून तिथे काम करतात, आणि त्यांच्याकडे कोण जातं-येतं हे कुणी शोधत बसू नये.

झालं असं की फायनाइट एलिमेंट या इंजिनिअरिंगच्या विषयाचा पेपर फेब्रुवारी २०१९ मध्ये गेला. जुलैत पुन्हा दिला, पुन्हा गेला. जर्मनीत १.० म्हणजे सर्वांत उत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. पोर्टलवर दोनदा ५.० आले. इंजिनिअरिंगला आपल्याकडे एटीकेटी असते, बॅकलॉग घेऊन पोरं पुढे जातात आणि कधीतरी सोडवतात. इथे बहुतेक विद्यापीठांत एका परीक्षेला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा गेलं की नाव कमी होतं आणि तोच कोर्स मग जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही करता येत नाही. नाव कमी झालं की ज्यासाठी राहायचा परवाना दिला ते कारणच उरत नाही. या तिसऱ्या संधीला ड्रिटफरझूख म्हणतात. आमची पोरं मेसमध्ये मोठमोठ्यानं गप्पा मारत असतात, हा शब्द आला की आवाज खाली येतो.

दुसऱ्या ५.० नंतर मी ठीक होतो, निदान तसं वाटत होतं. ऑगस्ट-सप्टेंबर एका गोदामात काम केलं. "काम कर, डोकं शांत राहील" असं सीनियर सांगायचे. ऑक्टोबरात लेक्चर सुरू झाली आणि मी जाईनासा झालो. आळस म्हणून नाही. आंघोळ करून, बूट घालून, बॅग पाठीला लावून दारापर्यंत यायचो आणि बॅग तशीच पाठीवर ठेवून पलंगावर बसायचो. कधी अर्धा तास, कधी दोन. मग बूट काढायचो.

२०१९ ची दिवाळी कॅलेंडरवर बघा. लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं, रविवारी. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार म्हणजे युरोपात घड्याळं एक तास मागे जातात तो दिवस. भारताशी साडेतीन तासांचा फरक रातोरात साडेचार होतो. घरी साडेसहाला पूजा मांडली तेव्हा माझ्याकडे दोन वाजले होते. व्हिडिओ कॉलवर आईनं ताट दाखवलं, बत्तासे दाखवले, फोन फिरवून अंगणातला आकाशकंदील दाखवला. मग स्वतःचा चेहरा फोनच्या अगदी जवळ आणून दर रविवारी विचारते तेच विचारलं.

"करमतंय का रं तिथं?"

"करमतंय की."

फोन ठेवला. पाच वाजायच्या आत बाहेर अंधारायला लागलं. नाशिकचा रूममेट मित्रांकडे फराळाला गेला होता, मला चल म्हणाला होता, मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. त्या रात्री मी दिवा लावला नाही. विजेचाही नाही. अंधारात बसून राहिलो, आणि पहिल्यांदा असं वाटलं की सकाळ झाली नाही तरी चालेल. ते वाक्य मनात आलं आणि गेलं, पण आलं होतं. आज सहा वर्षांनी लिहितानाही हात थांबतो. तरी लिहितो, कारण वाचणाऱ्यांत कुणाच्या मनात ते येऊन गेलं असेल तर त्याला कळू दे की हे एकट्यालाच झालेलं नाही.

पोट मात्र खरंच बिघडलं होतं. रोज पहाटे जळजळ. आईनं येताना बॅगेत पॅन-४० च्या, म्हणजे पित्तावरच्या पँटोप्राझोलच्या पट्ट्या भरून दिल्या होत्या, त्या संपल्या. आपल्याकडे मन बिघडलं की आधी पोट बोलतं. पित्त होतं, डोकं धरतं, अंग दुखतं. घरी एवढंच सांगता येतं आणि घरच्यांनाही एवढ्यावरच काहीतरी करता येतं. मीही पित्ताची तक्रार घेऊन इथल्या हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं, तेच पँटोप्राझोल लिहून दिलं आणि चिठ्ठी हातात देता देता विचारलं, "झोप कशी आहे?" मी म्हटलं, पहाटे चारला लागते. "जेवण?" मी गप्प राहिलो. त्यांनी चिठ्ठी परत घेतली आणि मागच्या बाजूला एक फोन नंबर लिहिला. म्हणाले, हे विद्यापीठाचं काउन्सेलिंग आहे, मेन्साच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मेसच्या वर.

आता त्या शब्दाचा घोळ सांगतो, कारण माझं एक वर्ष त्यात गेलं. पुण्यात काउन्सेलर म्हणजे कोण? एफसी रोडला नाहीतर कोथरूडला ज्याचं ऑफिस असतं, जो युनिव्हर्सिट्यांची यादी काढून देतो, एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं निवेदन तपासतो, व्हिसाची फाइल लावतो, तो. काउन्सेलिंग म्हणजे अ‍ॅडमिशनचे कॅप राउंड, कट-ऑफ, ब्रँच बदलून मिळेल का ते. २०१८ च्या ओरिएंटेशनला एका बाईंनी प्रोजेक्टरवर काउन्सेलिंगची स्लाइड दाखवली होती. आम्ही सात-आठ मराठी पोरं एका रांगेत होतो. आम्हाला वाटलं, विषय कोणते घ्यायचे ते सांगणारं ऑफिस असेल. शेजारचा म्हणाला, "अ‍ॅडमिशन तर झाली की." स्लाइड गेली. जर्मनमध्ये याला बेराटुंग म्हणतात, आणि अभ्यासक्रमाची बेराटुंग, व्हिसाची बेराटुंग, बँकेची बेराटुंग, सगळ्यालाच बेराटुंग म्हणतात. मराठीत समुपदेशन हा चांगला शब्द आहे, पण तो आमच्या घरी कुणी कधी उच्चारलेला मी ऐकला नाही. आमच्याकडे या गोष्टीसाठी एकच वाक्य होतं, "येरवड्याला न्यायला लागंल." तेही चेष्टेत.

म्हणजे चिठ्ठी हातात पडली तेव्हा माझ्याकडे एका बाजूला कॅप राउंड होता आणि दुसऱ्या बाजूला येरवडा. मधलं काही नव्हतं.

चिठ्ठी तीन आठवडे पाकिटात राहिली. वर सांगितलेला व्हिसाचा प्रश्न त्याच दिवसांतला. त्याचं उत्तर नीट लिहितो. जर्मनीत ही सेवा बहुतेक ठिकाणी स्टुडिएरेंडेनवेर्क चालवतं, म्हणजे मेन्सा आणि होस्टेल चालवणारी संस्था. काही ठिकाणी विद्यापीठाचं स्वतःचं केंद्र असतं. आपण दर सेमिस्टरला जी वर्गणी भरतो त्यातला काही हिस्सा स्टुडिएरेंडेनवेर्कला जातो, म्हणून गेल्यावर वेगळे पैसे पडत नाहीत. विम्याचं कार्ड लागत नाही, त्यामुळे विमा कंपनीलाही कळायचं कारण नाही. तिथे बसणाऱ्या मानसतज्ज्ञांवर श्वाइगेफ्लिष्ट असते, गप्प राहण्याचं कायद्याचं बंधन. जर्मन दंडसंहितेचं २०३ वं कलम त्याचं आहे. आपली खासगी गोष्ट त्यांनी परवानगीशिवाय फोडली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. जिवाला धोका आहे असं दिसलं तर मात्र ते मदत बोलावतात आणि बोलावलीच पाहिजे. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात परवाना वाढवताना अभ्यास पुढे सरकतोय का, पैसे आहेत का, विमा आहे का हे बघतात. काउन्सेलिंगचा रकाना त्या फॉर्मवर नाही. हेही सांगून ठेवतो, की पुढे नोकरी लागल्यावर काही खासगी विमे काढताना मागच्या काही वर्षांतल्या मानसोपचारांबद्दल विचारतात. तेव्हा विचारलेल्याचं खरं उत्तर द्यावं. त्या भीतीनं आज उपचार टाळणं हा फार महागातला सौदा आहे.

हे सगळं मला तेव्हा माहीत असतं तर मी गेलो असतो का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नसतो गेलो. व्हिसा हे मी स्वतःला सांगितलेलं कारण होतं. खरं कारण वेगळं होतं आणि ते मला त्या खोलीत गेल्यावर सापडलं.

ईमेल केला. इंग्रजीत दोन ओळी, चार वेळा खोडून. उत्तर आलं की इंग्रजीतून बोलता येईल आणि दोन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. खोली दुसऱ्या मजल्यावर होती, खालून मेन्सातला तळणाचा वास यायचा. मी मनात आडवं व्हायचा कोच धरून गेलो होतो, तसला कोच वगैरे काही नव्हता. दोन खुर्च्या, समोरासमोर नव्हेत, जराशा तिरक्या, म्हणजे समोरच्याकडे न बघता खिडकीकडे बघून बोलता येईल अशा. खिडकीतून ट्रामची तार दिसायची. एक पाण्याचा जग, दोन ग्लास, टिश्यूचा डबा. बाई पन्नाशीच्या असतील, हातानं विणलेला स्वेटर, चष्मा दोरीला लावून गळ्यात. आधी त्यांनी गुप्ततेचा कागद वाचून दाखवला आणि मला समजलं का ते विचारलं. मग म्हणाल्या, काय घेऊन आलात?

मी म्हणालो, स्ट्रेस. स्ट्रेस हा शब्द आपल्याकडे एवढा वापरून झालाय की त्यात काही उरलेलं नाही. त्यांनी विचारलं, शरीरात कुठे? मी पोटावर हात ठेवला. मग परीक्षेचं सांगितलं, मार्कांचं, तिसऱ्या संधीचं. वीस मिनिटं मी परीक्षेबद्दल बोललो, जणू एखादा प्रोजेक्ट रिपोर्ट देतोय. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, "घरी फोन करता तेव्हा काय सांगता?"

"सगळं ठीक आहे म्हणतो."

"या शब्दांत? इंग्रजीत?"

"नाही, मराठीत."

"मग मराठीत सांगा ना. मला समजणार नाही, पण मला ऐकू दे."

मला संकोच वाटला. तरी म्हणालो, "आई विचारते, करमतंय का? मी म्हणतो, करमतंय की."

त्यांनी त्याचा अर्थ विचारला आणि मी अडकलो. घराची आठवण येणं, हे नव्हे. आठवण आली तरी करमू शकतं. कंटाळा, हेही नव्हे. कंटाळा कामाचा येतो, करमत नाही ते जागेत. नव्या नवरीला माहेरची बाई पहिल्यांदा हेच विचारते. बदलीच्या गावी गेलेल्या मास्तरला विचारतात, होस्टेलवरच्या पोराला विचारतात. मी इंग्रजीत तीन-चार वाक्यं जोडली. म्हणालो की जागा माणसाला आत घेते, मन तिथे टेकतं, वेळ आपला आपण जातो, ते करमणं. त्यांनी वहीत रोमन अक्षरांत तो शब्द लिहिला, मला दाखवला, स्पेलिंग बरोबर आहे का विचारलं. मग म्हणाल्या, "आणि तुम्हाला करमतं?"

नाही, एवढं म्हणायला मला किती वेळ लागला ते माहीत नाही. दोन ट्राम गेल्या एवढं आठवतं. मराठीतच म्हणालो, "नाही करमत." आणि मग त्या टिश्यूच्या डब्याचा उपयोग कळला.

पुढच्या भेटीत त्यांनी विचारलं की हे घरी का सांगत नाही. मी म्हणालो, सांगायचा मला हक्क नाही. मामाची सही, आण्णांच्या हातातली पोह्यांची प्लेट, सगळं सांगितलं. ज्याच्यासाठी घरानं एवढं उचललंय त्यानं तिथे जाऊन करमत नाही म्हणायचं? इतक्या पैशांवर माणूस उदास कसा होऊ शकतो? हे माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा मलाच समजलं की इतके दिवस पाकिटात चिठ्ठी का राहिली होती. मला वेडं ठरवतील याची भीती फार थोडी होती. काउन्सेलिंगला जाणं म्हणजे घरच्यांच्या पैशांचा अपमान करणं, असं मी धरून चाललो होतो. आपल्या पोरांशी बोलताना मला हेच सगळीकडे ऐकू येतं. लाज कमी असते, कर्ज जास्त असतं. हप्ता सुरू झालेला नसतो, पण पोरगं मनानं तो फेडायला लागलेलं असतं, आणि दुःख हा त्याला परवडत नसलेला खर्च वाटतो.

त्या बाईंनी यावर उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, की तुमच्या घरात हा शब्द आधी कुणी वापरला होता का?

तेव्हा मला महाबळेश्वर आठवलं. मी दुसरीत असताना आण्णांची वर्षभरासाठी महाबळेश्वर डेपोला बदली झाली होती. शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. पावसाळ्यात तिथे आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, खोलीच्या भिंतींना बुरशी येते. एका रविवारी रात्री ते जेवता जेवता आईला म्हणाले होते, "करमत न्हाई गं तिथं." आईनं काही समजूत घातली नाही. उठून शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. डबा भरून त्यांच्या पिशवीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांना विचारायला गेली, की डेपोत ओळखीचं कोण आहे, बदलीचा अर्ज कुणाकडे द्यायचा. पगारी माणूस, पोरांचा बाप, त्यानं म्हटलं होतं आणि घर कोसळलं नव्हतं. चटणी झाली होती आणि अर्ज गेला होता.

हे मी त्यांना सांगितलं. चटणीचं सांगताना मी हसलो, बऱ्याच दिवसांनी.

सगळंच जुळलं असं नाही. एकदा त्या म्हणाल्या, तुमचं आयुष्य आणि आई-वडिलांच्या अपेक्षा यांच्यात एक रेघ ओढून बघा. मला ते पटलं नाही. माझ्या घरात अशी रेघ कुठून ओढणार? आण्णांचा फंड माझ्या पोटात आहे. मी तसं सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला, म्हणाल्या, मग ते माझ्याकडचं होतं, तुमच्याकडचं नाही, सोडून देऊ. समोरच्याचं चुकलं तर त्यालाच सांगता येतं हेही मी त्या खोलीत शिकलो. पुढे जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे की इथला काउन्सेलर जर्मन घरात वाढलेला असतो. काही गोष्टी त्याला उलगडून सांगाव्या लागतात आणि त्यात एखादी भेट जाते. ती जाऊ द्यावी.

बाकी कामं अगदी साधी होती. रोज एकाच वेळी उठायचं, लेक्चरला नाही गेलं तरी चालेल पण सकाळच्या उजेडात बाहेर पडायचं. मी एल्बेच्या काठानं चालायचो. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना मिळतात तसं तिथे काही नाही, नुसतं रुंद, संथ, करडं पाणी. पण रोज गेल्यावर एक बाक माझा झाला. दुसरं, त्यांनी मला परीक्षा विभागाकडे धाडलं. तिथे कळलं की आजारी असताना डॉक्टरचा दाखला देऊन परीक्षेतून वेळेत माघार घेता येते आणि ती संधी वाया जात नाही. प्रत्येक विद्यापीठाचे नियम आणि मुदती वेगळ्या असतात, पण सोय असते. दोनदा परीक्षेला बसताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जुलैचा पेपर मी १०२ ताप असताना दिला होता. तिसरं, अभ्यास एकट्यानं करणं बंद केलं. एका इराणी मुलीचा आणि दोन जर्मन पोरांचा ग्रुप होता, त्यांना विचारलं. ते हो म्हणाले, इतक्या सहज की मला वर्षभराचं वाईट वाटलं.

एकूण सहा भेटी झाल्या. इथली बेराटुंग थोड्या भेटींचीच असते, वर्षानुवर्षं चालत नाही. त्याहून जास्त लागलं तर क्रांकेनकासेच्या, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याच्या खर्चानं मानसोपचार मिळतात, पण तिथे महिनोन्‌महिने वाट बघावी लागते आणि इंग्रजी बोलणारे थोडे. ११६११७ या नंबरवरून पहिल्या भेटीची वेळ मिळवून देतात. म्हणून म्हणतो, लवकर जा. रात्री जीव घाबरला तर टेलिफोनझेलझोर्गे या हेल्पलाइनचा ०८००-१११०१११ हा नंबर चोवीस तास फुकट लागतो, जर्मनमध्ये. काही विद्यापीठांत नाइटलाइन असते, विद्यार्थीच विद्यार्थ्यांचं ऐकतात, नाव न विचारता. ही पद्धत १९७० मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात सुरू झाली. आणि हे वाचणारे कुणी आई-वडील असतील तर तुमच्यासाठी भारतात १४४१६ आहे, टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून. मराठीत बोलता येतं. पोरगं लांब आहे आणि फोनवर "ठीक आहे" एवढंच बोलतंय, तर काय करावं हेही तिथे विचारता येतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये मी तिसऱ्यांदा बसलो. ३.७ मिळाले. काउन्सेलिंगनं मला पास केलं असं मी म्हणणार नाही. त्या इराणी मुलीच्या नोट्सनी पास केलं. काउन्सेलिंगनं मला तिच्याशेजारी नेऊन बसवलं.

पण त्याआधी, जानेवारीत, संक्रांतीच्या दिवशी फोन झाला. आईनं तिळगूळ दाखवला, गोड बोल म्हणाली, आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, "आण्णांना दे." आण्णा फोनवर आले, नेहमीसारखा फोन कानाला लावला, त्यामुळे स्क्रीनवर मला फक्त त्यांचा कान आणि पांढरे झालेले कल्ले दिसत होते. मी म्हणालो, "आण्णा, मला हितं करमत न्हाई." आणि भराभर पुढचं सगळं सांगून टाकलं. दोन वेळा नापास झालो, एका बाईंकडे जातोय, त्या डॉक्टरसारख्याच आहेत, बरं वाटतंय.

कान तसाच दिसत राहिला. मग आवाज आला, "मला बी न्हवतं करमत म्हाबळेश्वरला."

"आठवतंय मला."

"तुला? लहान हुतास की." मग थोडं थांबून, "त्या बाई पैसं किती घेत्यात?"

"काही नाही. फीमधीच असतंय."

"मग जात जा," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला. पंधरा दिवसांनी पार्सल आलं. शेंगदाण्याची चटणी, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत, त्यावर चिकटपट्टी गुंडाळून गुंडाळून.

इचलकरंजीच्या पोरानं परवा मेसेज केला. अपॉइंटमेंट मिळाली, मंगळवारी सव्वादहाला. "दादा, आत गेल्यावर पहिलं काय बोलायचं असतं?" मी त्याला ट्रामचा नंबर दिला, मेन्साच्या डाव्या अंगाचा जिना सांगितला, दुसरा मजला, दाराला घंटी नाही, नुसतं ठोठावायचं. आणि विचारलं, तुझी आई फोनवर काय विचारते? तो म्हणाला, "जेवलास का, एवढंच."

मी म्हटलं, मग तिथून सुरू कर.